बारा मीटर खोल शेततळं
गणिताच्या साधनाचं माहितीपत्रक एआय एजंटासाठी कसं लिहावं?

कवठे महांकाळ तालुक्यात द्राक्षबागेच्या बांधावर उभं राहिलं की आसपास एखादं शेततळं दिसतंच. काळ्या प्लास्टिकचं अस्तर आणि काठावरून आत सोडलेले दोर. अस्तरावरून पाय घसरला तर वर यायला धरायला दुसरं काही नसतं, म्हणून ते दोर. म्हैसाळ सिंचन योजनेचं आवर्तन सुटलं किंवा पावसाळ्यात विहिरीला पाणी असलं की तळं भरून घ्यायचं आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, ऊन डोक्यावर असताना, ते पाणी पुरवून पुरवून वापरायचं, हा इथला हिशोब.

आता समजा, एका बागायतदारानं मोबाइलवरच्या एआय सहायकाला विचारलं, ‘‘माझ्याकडं २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद जागा आहे. तळ्याच्या बाजूंना एकास एक उतार ठेवायचाय. ५७६ घनमीटर पाणी मावायला किती खोल खणू?’’ सहायकानं गणिताच्या एका साधनाकडं समीकरण पाठवलं, उत्तर आणलं आणि सांगितलं, ‘‘३ मीटर किंवा १२ मीटर.’’

जेसीबीवाला हे ऐकून हसेल. बारा मीटर रुंदीच्या तळ्याला दोन्ही बाजूंनी एकास एक उतार दिला तर सहा मीटरवर दोन्ही भिंती एकमेकींना भेटतात. त्याखाली खणायला जागाच उरत नाही. तरीही गणित चुकलेलं नाही. समीकरणात ३ घाला किंवा १२ घाला, ५७६ येतात. साधनानं विचारलेलं काम चोख केलं. सहायकानंही मिळालेलं उत्तर इमानदारीनं पोचवलं. चूक झाली ती मधल्या कागदात. ‘एकास एक उताराला खोली रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको’ हे वाक्य त्या साधनाच्या माहितीपत्रकात कुणी लिहिलंच नव्हतं.

अशी माहितीपत्रकं लिहिण्याचं काम आता आपल्याकडच्या मुलामुलींच्या वाट्याला येऊ लागलं आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो, शेतकरी उत्पादक कंपनीसाठी केलेलं छोटं ॲप असो किंवा पुण्यातल्या कंपनीतली नोकरी असो, ‘हे फंक्शन एजंटाला वापरता येईल असं लिहून दे’ ही मागणी कधी ना कधी समोर येते. ते लिहायचं कसं, हे या लेखात पाहू. उदाहरण शेवटपर्यंत हेच शेततळं.

अव्यक्ताचं गणित

कॅल्क्युलेटर आकड्यांवर चालतो. चिन्हांचं गणित करणारं साधन अक्षरांवर चालतं. त्याला लांबी ‘ल’, रुंदी ‘र’, खोली ‘ख’ आणि उतार ‘त’ सांगितला की ते अक्षरं तशीच ठेवून गुणाकार, विस्तार, विकलन, संकलन करतं आणि समीकरण सोडवून देतं. या जातीचं एक जुनं नाव मॅक्सिमा. त्याचा पूर्वज मॅकसिमा. १९६८ पासून अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तो घडला. पायथन भाषेतलं, फुकट आणि खुलं साधन म्हणजे सिम्पाय. ओंद्रेय चेर्टिक यांनी २००५ मध्ये ते सुरू केलं. पुढं त्यात भर घालणाऱ्यांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी राहिली. आपल्या उदाहरणात सिम्पायच धरू.

हे गणित आपल्याला परकं नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पुऱ्या केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त बीजगणिताचा स्वतंत्र भाग आहे. अज्ञात राशींसाठी त्यांनी यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं वापरली आणि त्यांची आद्याक्षरं घेऊन समीकरणं मांडली. आकड्यांचं ते व्यक्त गणित, अक्षरांचं ते अव्यक्त.

त्याच बीजगणितात वानरांचं एक कोडं आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत गेली. एक बाहेर दिसतं आहे. तर कळप किती? समीकरणाची उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नास बरोबर बसतं. पाच घेतलं तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन वानरं. वर्ग केला की उणे चिन्ह झाकलं जातं आणि समीकरण जुळतं. भास्कराचार्यांनी दुसरं उत्तर नाकारलं आणि का नाकारलं तेही लिहून ठेवलं: व्यवहारातल्या उणे संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. उत्तर काढणं हे अर्धं काम. कोणतं उत्तर घ्यायचं नाही आणि का, हे लिहून ठेवणं हे उरलेलं अर्धं. आपलं बारा मीटरचं तळं म्हणजे त्या कळपातलं पाच वानरांचं उत्तर आहे.

एजंट माहितीपत्रक वाचतो कसा?

आपल्याकडं एजंट म्हटलं की विम्याचा एजंट आठवतो. एआय एजंट हा तसा नव्हे, पण एक साम्य आहे: तोही दुसऱ्याच्या वतीनं काम करतो. भाषेचं मॉडेल प्रश्न वाचतं, आपल्याकडं कोणती साधनं, म्हणजे टूल्स, आहेत ते बघतं, त्यातलं एक निवडतं, त्याचे रकाने भरतं, उत्तर घेतं आणि माणसाच्या भाषेत सांगतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीनं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत जाहीर केली. टूलनं आपली ओळख एजंटाला कशी करून द्यायची याचा साचा त्यात ठरलेला आहे: नाव, वर्णन, आणि प्रत्येक रकान्यात काय भरायचं.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की, एजंटाला तुमच्या टूलचं जे काही कळतं ते एवढ्याच मजकुरातून. आतला प्रोग्रॅम तो सहसा बघत नाही. काल काय चुकलं ते आज त्याला आठवेलच असं नाही. आणि माणूस जिथं थबकतो तिथं तो थबकत नाही. नवखा ओव्हरसियरसुद्धा ‘बारा मीटर’ वाचून विचारेल, ‘साहेब, हे कसं?’ एजंटाला तळं कधी दिसलेलं नाही. म्हणून पहिला आणि शेवटचा नियम एकच: जे आपल्याकडं कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं, तेच आधी लिहायचं.

काम एका वाक्यात, आणि कधी वापरू नये तेही

वर्णनाचं पहिलं वाक्य टूल निवडण्यासाठी वाचलं जातं. ‘शेततळ्याविषयी गणितं करतो’ असं मोघम लिहिलं की एजंट अस्तराचं क्षेत्रफळ, पाण्याची वाफ, खोदाईचा खर्च, सगळ्यासाठी तुमच्या दारात येईल. नेमकं लिहा: ‘वरून आयताकृती, चारही बाजूंना सारखा उतार असलेल्या तळ्यात दिलेलं घनफळ मावण्यासाठी किती खोली लागेल ते काढतो.’ लगेच पुढं: ‘गोल तळं, बांध घालून केलेलं तळं किंवा बाजूंना वेगवेगळा उतार असेल तर वापरू नये. अस्तराचं क्षेत्रफळ काढत नाही.’ नकाराची ही दोन वाक्यं लिहायला कंटाळा येतो, पण निम्म्या चुका तीच अडवतात.

नावाचंही तेच. ‘सोडव’ किंवा ‘गणना २’ ही नावं लिहिणाऱ्याच्या सोयीची. ‘शेततळे_खोली’ हे वाचणाऱ्याच्या सोयीचं. मराठीत इथं एक मेख आहे. खोली म्हणजे उंचीच्या उलट माप आणि खोली म्हणजे राहायची जागाही. तळ आणि तळं यांत एका अनुस्वाराचा फरक. मूळ म्हणजे समीकरणाचं उत्तर आणि मूळ म्हणजे सुरुवातीचंही. एक शब्द एका अर्थानं ठरवा आणि पूर्ण पत्रकात तोच ठेवा. निबंधात पुनरुक्ती हा दोष, माहितीपत्रकात तो गुण आहे.

प्रत्येक रकान्याला माप, एकक आणि हद्द

एककांचा घोळ आपल्या भागात खास आहे. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बोलण्यात एकर-गुंठे, आखणीत फूट, खोदाईच्या बिलात ब्रास आणि पाण्यात लिटर. एक गुंठा १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर घनफुटांचा एक ब्रास म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. आपल्या ५७६ घनमीटरच्या तळ्याची खोदाई सुमारे २०३ ब्रास होते. शेतकरी ‘दोनशे ब्रास’ म्हणाला आणि एजंटानं घनफळाच्या रकान्यात २०० भरले, तर तळं एक तृतीयांशाच्या आसपास येईल, आणि कुठंही लाल दिवा लागणार नाही.

म्हणून रकान्याच्या वर्णनातच लिहा: ‘घनफळ, घनमीटरमध्ये. ब्रास, लिटर किंवा घनफूट दिलं असेल तर आधी रूपांतर करा: १००० लिटर म्हणजे १ घनमीटर.’ वापरणाऱ्यानं एकक सांगितलंच नसेल तर अंदाज न बांधता त्याला विचारावं, हेही स्पष्ट लिहा. एजंट विचारू शकतो. विचारायची परवानगी आहे हे त्याला कळायला हवं.

उताराचा रकाना तर सर्वांत धोक्याचा. ‘१:१.५’ यात आडवं अंतर आधी की उभं? ३० मीटर बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळं घ्या. दीड मीटर आडवं आणि एक मीटर उभं धरलं तर १९७१ घनमीटर पाणी मावतं. तेच उलट धरलं तर २३५६. फरक ३८५ घनमीटरचा, म्हणजे ३ लाख ८५ हजार लिटरचा. दोन्ही उत्तरं दिसायला सारखीच खात्रीची. तेव्हा गुणोत्तर मागूच नका. ‘उतार: आडवं अंतर भागिले उभं अंतर, एकच संख्या. दर मीटर खोलीला बाजू दीड मीटर आत येत असेल तर १.५ भरा’ असं लिहा. उदाहरणातलं ते शेवटचं वाक्य व्याख्येपेक्षा जास्त काम करतं.

आकड्यांची लिपी हीसुद्धा एक अट आहे. मराठीत विचारणारा देवनागरी आकडे टंकेल. पायथनमध्ये मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला देवनागरी आकडे चालतात, पण प्रोग्रॅममध्ये तेच थेट संख्या म्हणून लिहिले की चूक दाखवली जाते. टूल काय स्वीकारतं ते एका ओळीत नोंदवा.

शेवटी हद्द. लांबी, रुंदी, खोली शून्यापेक्षा मोठ्या. रुंदी लांबीपेक्षा जास्त नाही. आणि खोली × उतार × २ हा गुणाकार रुंदीपेक्षा जास्त नाही. ही तिसरी अट म्हणजे सुरुवातीला राहून गेलेलं वाक्य.

‘धन उत्तर घ्या’ एवढं पुरत नाही

अनेक जण इथं म्हणतील की खोली धन असते एवढं सांगितलं की झालं. सिम्पायमध्ये चिन्ह तयार करतानाच ते धन आहे असं सांगता येतं, आणि ते सांगावंच. काही न सांगितलेलं चिन्ह सिम्पाय संमिश्र संख्या धरून चालतं. म्हणूनच ‘ख’च्या वर्गाचं वर्गमूळ त्याला ‘ख’ असं सरळ लिहिता येत नाही. ‘ख’ धन आहे म्हटलं की लगेच लिहितं. ३० बाय ३० च्या तळ्यात एकास एक उतारानं २१९६ घनमीटर मावायला किती खोली, असं ‘धन’ न सांगता विचारलं तर ३ सोबत दोन संमिश्र उत्तरंही येतात. ‘धन’ म्हटलं की ती गळतात.

पण आपल्या २४ बाय १२ च्या तळ्यात ३ आणि १२ दोन्ही धनच आहेत. त्याहून वाईट उदाहरण बघा. त्याच जागेत ८०० घनमीटर मागितले तर समीकरणाला एकच वास्तव उत्तर येतं, सुमारे १५.६ मीटर. धनही आहे, एकमेवही आहे, आणि साफ खोटं आहे. त्या जागेत एकास एक उतारानं ७२० घनमीटरच्या वर थेंबही मावत नाही. म्हणजे खरं उत्तर आहे: ‘शक्य नाही.’ समीकरण हे सांगत नाही, जागा सांगते. ती जागा कागदावर उतरवणं हेच लिहिणाऱ्याचं काम.

सूत्र दाखवा

टूल आत काय करतं ते झाकून ठेवू नका. खोलीच्या प्रत्येक पातळीवर तळ्याचा आडवा छेद घ्यायचा आणि ते सगळे छेद वरपासून तळापर्यंत जोडायचे, की हे मिळतं:

घनफळ = ल × र × ख − त × (ल + र) × ख² + (४/३) × त² × ख³

सूत्र दिलं की एजंट आलेलं उत्तर परत घालून तपासू शकतो. ३ घाला: ८६४ वजा ३२४ अधिक ३६, बरोबर ५७६. ‘उत्तर सांगण्यापूर्वी सूत्रात घालून पाहा’ अशी ओळही पत्रकात टाका. बऱ्याच ठिकाणी वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून खोलीनं गुणतात. त्या रीतीनं याच तळ्याचे ५९४ घनमीटर होतात, १८ हजार लिटर फुगवून. एजंटाला ती सोपी रीतही माहीत असते, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर तो गोंधळतो. कोणती रीत वापरली हे लिहिलं असेल तर गोंधळ होत नाही.

सिम्पायच्या खोडी आधीच सांगा

प्रत्येक साधनाच्या काही सवयी असतात. सिम्पायवर टूल बांधत असाल तर निदान एवढ्या नोंदवा.

घात दाखवायला पायथनमध्ये दोन फुल्या (**) लागतात. टोपीचं चिन्ह (^) तिथं वेगळंच काम करतं. ३^२ चं उत्तर ९ नव्हे, १ येतं. मजकूर म्हणून सिम्पायला दिलं तर मात्र टोपी घात म्हणून चालते. तेव्हा तुमचं टूल यातलं काय घेतं ते सांगा.

४/३ असं साधं लिहिलं की पायथन आधी भागाकार करून दशांश बनवतो आणि अचूक अपूर्णांक हातचा जातो. आपल्या समीकरणात १२ हे दुहेरी मूळ आहे. दशांशात गेलं की ते फुटून एकमेकांना चिकटलेली दोन वेगळी उत्तरं दिसू शकतात, कधी बारीकशा काल्पनिक शेपटासह. अपूर्णांक अपूर्णांक म्हणूनच द्यायला सांगा.

दोन बरोबरची चिन्हं (==) ‘किंमत सारखी आहे का’ असं विचारत नाहीत, ‘मांडणी सारखी आहे का’ असं विचारतात. कंसाचा वर्ग आणि त्याचा विस्तार यांची तुलना केली तर ‘नाही’ असं उत्तर येतं. वजाबाकी सोपी करून शून्य येतं का ते पाहावं.

लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, दहाच्या पायाचा नव्हे. कोन रेडियनमध्ये. संकलनाच्या उत्तरात स्थिरांक जोडलेला नसतो. शाळेच्या पुस्तकातून आलेला विद्यार्थी या तिन्ही ठिकाणी अडखळतो आणि एजंटही.

शेवटची खोड धोक्याची आहे. मजकुराचं समीकरण करणारं सिम्पायचं फंक्शन आतून तो मजकूर प्रोग्रॅमसारखा चालवतं. बाहेरच्या कुणी समीकरणाच्या रकान्यात भलताच कोड घातला तर तो तुमच्या संगणकावर चालू शकतो. सिम्पायच्या स्वतःच्या माहितीतही हा इशारा दिलेला आहे. जमेल तिथं मोकळं समीकरण घेऊच नका. लांबी, रुंदी, उतार, घनफळ असे चार आकडे घ्या आणि समीकरण आपणच मांडा.

चूक सांगणारा निरोपही शिकवणारा असावा

एजंट चुकला की त्याला परत मिळतो तो चूक सांगणारा निरोप. ‘अवैध इनपुट’ एवढंच लिहिलं तर तो आकडे जरा इकडंतिकडं करून पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. त्याऐवजी असं लिहा: ‘२४ × १२ मीटरच्या जागेत, १ उतारानं, जास्तीत जास्त ७२० घनमीटर मावतात. मागणी ८०० घनमीटरची आहे. रुंदी वाढवा, उतार कमी करा किंवा घनफळ कमी करा. आकडा स्वतः बदलू नका, वापरणाऱ्याला विचारा.’ काय झालं, का झालं आणि पुढं काय करायचं, या तीन गोष्टी त्यात असल्या की निरोप पुरा झाला.

रिकाम्या उत्तराचं तर विशेष सांभाळा. समीकरण सोडवणारं फंक्शन रिकामी यादी परत देतं तेव्हा ती ‘उत्तर नाही’ म्हणून की ‘मला सापडलं नाही’ म्हणून, हे वाचणाऱ्याला वेगळं कळलं पाहिजे.

आधी आणि नंतर

आधीचं पत्रक बहुधा असं असतं: ‘शेततळ्याची खोली काढतो. इनपुट: लांबी, रुंदी, उतार, घनफळ. आउटपुट: खोली.’ त्यात खोटं काही नाही, पण उपयोगाचंही काही नाही.

नंतरचं असं असावं:

*नाव:* शेततळे_खोली
*काम:* वरून आयताकृती, चारही बाजूंना सारखा उतार असलेल्या तळ्यात दिलेलं घनफळ मावायला लागणारी खोली काढतो.
*वापरू नये:* गोल तळं, असमान उतार, अस्तराचं क्षेत्रफळ.
*लांबी, रुंदी:* पाणी जिथवर भरायचं त्या पातळीवरची, मीटरमध्ये. काठाची मोकळी उंची धरू नये. रुंदी लांबीइतकी किंवा कमी.
*उतार:* आडवं भागिले उभं, एक संख्या.
*घनफळ:* घनमीटर. एकक सांगितलं नसेल तर विचारा.
*उत्तर:* एकच खोली, मीटरमध्ये. अचूक रूप आणि दोन दशांश. खोली × उतार × २ रुंदीपेक्षा जास्त नसणारंच मूळ दिलं जातं.
*उदाहरण:* २४, १२, १, ५७६ → ३. समीकरणाचं दुसरं मूळ १२ वगळलं, कारण ६ मीटरवर बाजू मिळतात.
*न जमणारं उदाहरण:* २४, १२, १, ८०० → शक्य नाही, कमाल ७२०.

न जमणारं उदाहरण विसरू नका. बरोबर उत्तर कसं दिसतं हे एजंट चटकन शिकतो. ‘नाही’ कधी म्हणायचं हे त्याला दाखवावं लागतं.

याहून फार लांब लिहू नका. पत्रकाचा मजकूर एजंटाच्या वाचनात दर वेळी जागा खातो, आणि पाच-पन्नास टूल्स असली की लांबलचक वर्णनांत कामाचं वाक्य बुडतं. इतिहास, आभार, ‘हे अत्यंत शक्तिशाली साधन आहे’ असली वाक्यं माणसांसाठीच्या पानावर ठेवा. आवृत्तीचा क्रमांक मात्र ठेवा. मॉडेलला सिम्पायच्या जुन्या आवृत्तीच्या आठवणी असतात आणि त्यावरून ते अंदाज बांधतं.

पत्रकाचीही परीक्षा घ्या

सिम्पायच्या माहितीतली उदाहरणं नुसती छापलेली नसतात. ती आपोआप चालवून, छापलेल्या उत्तराशी पडताळून बघितली जातात. प्रोग्रॅम बदलला आणि उदाहरण जुनं राहिलं तर लगेच कळतं. तुमच्या पत्रकातलं प्रत्येक उदाहरण असंच चालवून बघा. चुकीचं उदाहरण एजंट वेदवाक्य मानतो.

मग दहा प्रश्न लिहून काढा, शेतकरी विचारेल त्या भाषेत. दोन फुटांत, दोन ब्रासमध्ये, एक उताराशिवाय, एक गोल तळ्याचा, दोन अशक्य मागण्यांचे, उरलेले सरळ. प्रत्येक प्रश्न कोऱ्या संभाषणात विचारा, कारण आधीच्या प्रश्नातून एजंट शिकलेला नको. त्यानं कोणत्या रकान्यात काय भरलं ते तपासा. नुसतं शेवटचं उत्तर बरोबर आलं म्हणून समाधान मानू नका. चुकला तर एजंटाला दोष न देता पत्रकातलं वाक्य सुधारा आणि दहाही प्रश्न पुन्हा विचारा.

पायथन अजून नीट हातात बसलेलं नसेल तर मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मराठीतही फुकट आहेत. पण या कामाची खरी शिदोरी संगणकाबाहेर आहे. तळं खणणाऱ्याला विचारा की उतार तो कसा सांगतो. कृषी सहायकाला विचारा की लोक आकडे कुठं चुकवतात. त्यांच्या तोंडचे शब्द पत्रकात आले की एजंटाला शेतकऱ्याचा प्रश्न ओळखता येतो.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथं तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ स्थापला, असं तो सांगतो. भास्कराचार्यांनी सूत्रं रचली तेवढ्यावर ते थांबले नव्हते. आपल्याच ग्रंथावर त्यांनी ‘वासनाभाष्य’ लिहिलं. सूत्र पाठ करणारा विद्यार्थी अर्थ विचारायला नेहमी जवळ असेलच असं नाही, हे त्यांना ठाऊक असावं.

तुमचं टूल वापरणारा एजंटही तुम्हाला विचारायला येणार नाही. तेव्हा आज एवढं करा: तुमच्या पत्रकाची प्रत घ्या, तुमच्या विषयाचा गंध नसलेल्या एका हुशार माणसाला वाचायला द्या, आणि तो जिथं ‘म्हणजे काय?’ असं विचारेल तिथं एक ओळ वाढवा.